आबांची शाबासकी

राजीनामा देताना शलाकाने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तिला एकदम पोरकं वाटलं. काम चोख झालं की कंपनी त्यातून शाबासकी द्यायची, तीही ज्याच्या तोंडून ऐकायची आस असेल त्याच्याच आवाजात. शलाकाच्या कानात तिचे वडील, आबा, बोलायचे, "शाब्बास, शलू!"

"थांबलात तर आबा रोज मायेनं विचारपूसही करतील," मॅनेजर गोड आवाजात म्हणाले. "गेलात तर आवाज इथेच राहील."

"पण आबा तर माझ्या घरी आहेत," ती गोंधळून म्हणाली. मग घरी जायचीच धास्ती का वाटतेय, हे काही तिला कळेना.

आबा पेपर वाचत होते. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, लेकीला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हाही "उरलेले आठ कुठे सांडलेस?" असं विचारणारा. तिने नव्या नोकरीचं सांगितलं.

पेपरामागून आवाज आला, "शाब्बास, शलू."

तिचा हात झटकन कानाकडे गेला. कान रिकामा होता. तरी विश्वास बसेना.

"आबा, परत म्हणा ना."

"एकदा म्हटलं ना! चहा टाक आता."

कंपनीच्या आबांनी तिला कधीच चहा टाकायला सांगितलं नव्हतं.