इमिनाची साक्ष

ध्रुवाजवळच्या समुद्रतळाशी खनिजं सापडली आणि सीमेवरून दोन देशांची जुंपली. त्यांपैकी एका देशाच्या राजधानीतून आलेल्या साहेबांनी गावच्या सभेत पाद्लूकआजीला बजावलं, "दोन देशांतल्या जुन्या करारानुसार सीमारेषेपलीकडचा समुद्र आमचा. कराराआधी तुमचं कुणी तिथे शिकार करत होतं, तर त्यालाच साक्षीला आणा."

"माझे बाबा करायचे की! इमिना त्यांचं नाव. थांबा, आणते."

आजी परतली ती सहा वर्षांच्या नातीचा हात धरून. पोरीचे ओठ सीलच्या चरबीने माखले होते. बाकावरचे म्हातारे शिकारी अदबीने सरकले.

"बसा, बाबा," आजी नातीला म्हणाली.

साहेब खो खो हसले. "आजी, थट्टा करता काय? ही तर तुमची नात!"

"बाबा गेले आणि ही जन्मली. त्यांचं नाव हिला दिलं, म्हणजे हेच माझे बाबा. आमच्यात असंच असतं."

"सरकारदरबारी असलं चालत नाही. माणूस तोच लागतो."

आजीने टेबलावरचा करार पुढे ओढला आणि खालच्या सह्यांवर बोट ठेवलं.



"हे सगळे कधीच मेले, तरी नाव तेच म्हणून तुमचा देश तोच, मग माझे बाबाच तेवढे दुसरे कसे?"