जुना फ्यूज

नव्या प्लांटच्या पंपांचं कंट्रोल पॅनल बसवायला फ्रीलान्स इंजिनिअर शोधायचं काम कंपनीने माझ्या गळ्यात मारलं होतं. मी घरूनच ऑनलाइन मुलाखती घेत होते. आलेल्यांनी नुसत्या बाता मारून माझं डोकं उठवलं. शेवटचा उमेदवार मात्र वेगळाच निघाला. वेबसाइटवर त्याने स्वतःचं नाव लावलं होतं, 'जुना फ्यूज'. कॅमेरा नको, चॅटवरच बोलू म्हणाला.

मी टाइप केलं, "टाकी भरली तरी पंप बंद झाला नाही, तर काय कराल?"

"आधी सेन्सर पुसून बघेन. मशीनला शिव्या नंतर."

माणूस कामाचा होता. विचारलं, "तुमची काही अडचण?"

"एकच. रिटायर झाल्यापासून सूनबाई कशाला हात लावू देत नाही. सारखं आपलं, बाबा, आराम करा. आराम करून करून गंज चढलाय हो! थांबा हं, दूध उतू जातंय."

त्याच क्षणी माझ्या खोलीच्या दाराबाहेरून चपलांची फटफट स्वयंपाकघराकडे धावली.

मी कपाळाला हात लावला. मग हसू दाबत टाइप केलं, "काम तुम्हाला दिलं. पण सूनबाईला कळलं तर?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "कळावं म्हणूनच तर तिच्या कंपनीत अर्ज केला. चहा आत आणू, मॅडम, की बाहेर येताय?"