शिंकेचं गाणं

लहानपणी ताई रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कुठल्या कुठल्या अनोळखी बँडची इलेक्ट्रॉनिक गाणी भरून घ्यायची. तेवढा वेळ धाकट्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असा तिचा दंडक. एका गाण्यात मात्र तो शिंकला, ताई "शू!" म्हणाली, आणि दोन्ही आवाज गाण्यात कायमचे जाऊन बसले. गाणंही अर्धंच मिळालं, कारण कॅसेट संपली.

त्या बँडचा पत्ता लागेपर्यंत धाकट्याचे केस पिकले. आज दुपारी इंटरनेटवर गाणं हाती लागलं, तसा त्याने ताईलाच फोन लावला.

"ताई, आपलं शिंकेचं गाणं सापडलं! थांब, ऐकवतो."

फोन त्याने स्पीकरजवळ धरला. तीच संथ, धुकट धून. दोघंही नकळत श्वास रोखून बसले.

ठरल्या जागी शिंक आली. मागोमाग "शू!"

"अरे, ही तर आपलीच कॅसेट लावलीस," ताई हसली.

"कॅसेट माळ्यावर आहे गं. हे बँडचं मूळ रेकॉर्डिंग आहे."

ताईचं हसू विरलं. कॅसेट संपायची ती जागा मागे पडली, आणि दोघांनी कधीच न ऐकलेलं गाणं पुढे सुरू झालं. त्यात खुर्ची सरकली. मग त्याचाच लहानपणचा आवाज आला, अगदी दबका:

"ताई, पलीकडे कोण ऐकत बसलंय गं?"