लॉयडचा शनिवार

उन्हाळाभर लॉयड दर शनिवारी मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर स्की करायला जायचा. थंडी सुरू झाली तसा तो नकाशा आणि होकायंत्र घेऊन एका गटाबरोबर अल ऐनच्या वाळवंटात खुणेचे झेंडे शोधत फिरू लागला. "मी पण येऊ?" त्याच्या बायकोने, ओल्गाने दोनदा विचारलं. "तुला नाही झेपायचं गं," म्हणत त्याने गाडी काढली. आणि संध्याकाळी परत आला तो असा उजळून, जणू नुकतीच अंगाला हळद लागलीय.

"अगं, नवऱ्याचं रूप असं खुललं की समजायचं, कुणीतरी आहे," ओल्गाच्या ऑफिसमधली मरिसा म्हणाली. "गाडी माझी. यल्ला, चल, बघूनच येऊ."

पुढच्या शनिवारी दोघी त्याच्या मागोमाग गेल्या आणि वाळूच्या टेकाडाआड दडून बसल्या. झेंडे शोधून झाले, बाकीची मंडळी पांगली. लॉयड मात्र एका झाडाखाली पाय पसरून बसला आणि गाऊ लागला. एवढा मोकळा आवाज ओल्गाने घरात कधी ऐकला नव्हता. ती वाट पाहत राहिली. ऊन कललं, तरी कुणी आलं नाही.

शेवटी तिने त्याला फोन लावला. लॉयडने स्क्रीनकडे पाहिलं, गाणं थांबवलं, फोन वाळूत पालथा ठेवला. रिंग संपेपर्यंत डोळे मिटून बसला. मग पुन्हा गाऊ लागला.

"बघ, एकटाच आहे," मरिसा हसली. "खलास. सुटलीस तू."



"दुसरी कुणी असती, तर भांडले तरी असते," ओल्गा म्हणाली.