नऊ झुरळं, एका ओळीत

रात्री घरभर लावून ठेवलेल्यांपैकी दोन नंबरच्या चिकट कागदावर नऊ झुरळं होती. पेस्ट कंट्रोलवालीने तो खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाजवळ धरून पाहत राहिली.

"हा फ्रिजमागचा ना?" घरातल्या लेकीने विचारलं. "आणि पाच नंबर? पेटीमागचा?"

"रिकामा आहे."

"रिकामा कसा असेल, ताई? आधी या घरात झुरळ औषधालासुद्धा नव्हतं. बाबांची ही पेटी आली आणि दोन महिन्यांत ही पलटण. पोरीचा दमा वाढलाय. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा झुरळं घालवा. मी तर भंगारवाल्याला चारची वेळ दिलीय."

पेटी घरातल्या बोळात होती, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून. लाकडी, अठ्ठेचाळीस छोट्या खणांची. शेजारी स्टुलावर लेकीचे बाबा बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद करून लेकीकडे राहायला येताना कपड्यांखेरीज एवढी पेटीच आणली होती.

"रिकामा आहे म्हणतायत ना त्या," बाबा म्हणाले. "मग मिटलं. पेटीचा काही संबंध नाही."

"तुम्ही थांबा हो जरा."

पेस्ट कंट्रोलवालीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. असे शेकडो कागद तिने पाहिले होते. झुरळ कागदावर कडेने चढतं आणि तिथेच अडकतं. सुटायला धडपडतं, एखादा पाय नाहीतर मिशी तुटते. मधोमध क्वचितच एखादं पोचतं. ही नऊच्या नऊ मधोमध होती. एका ओळीत. दोघांमधलं अंतर सारखं, डोकी एकाच दिशेला. डावीकडे तिळाएवढं पिल्लू, मग जरा मोठं, त्याहून मोठं, उजव्या टोकाला पूर्ण वाढलेलं. मिशा सगळ्यांच्या शाबूत.

तिने पाच नंबरचा कागद उजेडात तिरका धरला. गोंद चकाकत होता, फक्त कडेच्या नऊ जागा मंद होत्या. तिने एका जागेवर बोट टेकवलं. बोट चिकटलं नाही. वास घेतला. तेल.

ती बोळात आली आणि स्टुलासमोर उकिडवी बसली.

"आजोबा, यांचा एकही पाय तुटलेला नाही. मला हे कधीच जमलं नाही. कसं केलंत?"

बाबांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"घड्याळाचं तेल," ते हळूच म्हणाले. "सुईच्या टोकावर येईल तेवढंच. पायाखाली सोडायचं आणि मिनिटभर थांबायचं. मग चिमटा. ओढायचं नाही, उचलायचं."

"आणि ही ओळ?"

"कसली ओळ?" त्यांनी कागद हातात घेतला. पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हाताची खोड, दुसरं काय. घड्याळ उघडलं की भाग असेच मांडतो आम्ही. नाहीतर जोडताना घोळ होतो."

लेकीच्या आता लक्षात आलं. "बाबा! पोर खोकून खोकून बेजार झालीय आणि तुम्ही झुरळं इकडची तिकडे करत बसलात?"

"फ्रिजमागे सापडली असती तरी औषध यांनी घातलंच असतं ना. झुरळं मेली असती, पेटीही राहिली असती."

"मेली नसती, आजोबा," पेस्ट कंट्रोलवाली म्हणाली. "ही सगळ्यात छोटी पाहा. ही घर सोडून फार लांब जात नाहीत. पिल्लं जिथे, मूळ तिथे. मी फ्रिजमागे औषध लावून गेले असते आणि इथे यांचा गोतावळा वाढत राहिला असता."

बाबांनी कागद तिच्या हातात परत दिला. मग त्यांनी खिशातला चिमटा काढून पेटीवर ठेवला.

"मग जाऊ दे भंगारात," ते म्हणाले. "नातीपुढे पेटीचं काय."

"भंगारात कशाला?" पेस्ट कंट्रोलवालीला खरंच आश्चर्य वाटलं. "खण रिकामे करून पुसायचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात औषधाचा एक ठिपका, मोहरीएवढा. महिन्याभरात आटोक्यात येतील. फक्त पेटी इथून हलवा. मागची भिंत गरम, बोळ अंधारा, कुणी हात लावत नाही. कुणीही संसार थाटेल इथे. मोकळ्यावर ठेवा, उजेडात, भिंतीपासून वीतभर पुढे."

"म्हणजे टाकायची गरजच नव्हती?" बाबांनी विचारलं.

"नव्हती. पण मला कुणी विचारलंच नाही."

लेकीने भंगारवाल्याचा नंबर काढला. मग तिने फोन लावला. "दादा, आज येऊ नका. नाही, उद्याही नको."

घरात भरपूर उजेड येणारी जागा एकच होती. बाहेरच्या खोलीतली खिडकी. तिच्याखाली गेल्या वर्षी हौसेने घेतलेला सोफा होता. लेकीने दोन पावलं मागे जाऊन तो एकदा नीट पाहिला, मग पदर खोचला आणि ढकलायला लागली. पेस्ट कंट्रोलवालीने दुसरं टोक धरलं.

"इथे चालेल?" लेकीने धापा टाकत विचारलं.

पेस्ट कंट्रोलवाली उत्तर देणार होती, पण बाबा उठून तिथे आले होते. त्यांनी रिकाम्या जागेत चिमटा धरल्यासारखा हात पुढे धरला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"थोडी अजून अलीकडे," ते म्हणाले. "उजेड डावीकडून आला पाहिजे."

"डावीकडून? झुरळांसाठी?" लेकीने पेस्ट कंट्रोलवालीकडे पाहिलं.

उजेड कुठल्या बाजूने येतो याने झुरळांना काही फरक पडत नाही.

"हो," ती म्हणाली. "डावीकडूनच."