फालतू चिठ्ठी

ऑगस्टमधल्या सरकारी सुट्टीला गॉलवेच्या किनाऱ्यावरचं आमचं हॉटेल गच्च भरतं. त्या दिवशी राबायचं, तर बदल्यात काय देणार, असं स्वयंपाकघरातल्या आम्ही चौघींनी तीन आठवडे आधीच लेखी विचारलं. मालक हॅनरटीनं आमच्यादेखत कागदाचा बोळा केला. "असल्या फालतू चिठ्ठ्यांना मी उत्तरं देत नसतो."

सुट्टीच्या सकाळी त्याचा फोन आला. "फिडेल्मा, कुठं उलथलात सगळ्या? साठ पाहुणे नाश्त्याला बसलेत!"

"घरीच आहोत, साहेब. मालकानं आठवडाभरात उत्तर दिलं नाही, तर त्याच दिवशी पगारी सुट्टी, असा कायदा आहे."

आणि मी पुढे म्हटलं,

"तुम्ही उत्तर देऊ नये म्हणून चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावल्या होत्या. उगाच वाया गेल्या, तुम्ही कुठं सुधारणार होतात!"