काय हे ध्यान!

कपाळावरची शांतिपट्टी सरळ करून सुगंधा डोळे मिटून बसली. मनाला जे टोचे, ते पट्टी हळूच उचलून नेई; मागे भरती ओसरल्यावरच्या पुळणीसारखं मन स्वच्छ उरे. नवरा गेल्यापासून तिला एवढाच आधार होता.

समोर नणंद कौसल्या वाल सोलत होती. वहिनीचे विस्कटलेले केस, खांद्यावरून घसरलेला पदर आणि वर ती चकाकती पट्टी बघून तिला हसूच फुटलं.

"काय ध्यान दिसतेस गं, वहिनी! दादा म्हणायचा तस्संच."

सुगंधानं डोळे उघडले. "ते असं म्हणायचे मला?"

कौसल्येचे हात थांबले. "रोज म्हणायचा. मग तू लाटणं उगारायचीस."

सुगंधानं मन धुंडाळलं. कुठेच दुखत नव्हतं, आणि त्यांचा आवाजही कुठे नव्हता. दुखण्याबरोबर पट्टीनं तोही उचलून नेला होता. तिनं पट्टी सोडून बाजूला ठेवली.

"आणखी सांग त्यांचं. उरलंय तेवढं तरी जाऊ नये गं."

"रडशील, वहिनी."

"रडेन की."

कौसल्या दादाच्या खोड्या सांगू लागली, आणि सुगंधा डोळे मिटून, रडत, ऐकत बसली.